वजनकाट्याची साक्ष

माझ्या लहानपणीं चर्नी रोड स्टेशनच्या फलाटावर वजनाचें एक भलें मोठें यंत्र उभें असे. त्याच्या कांचेआड तांबडे-हिरवे दिवे लुकलुकत, एक रंगीत चक्र फिरत राही, आणि फटींत नाणें टाकलें कीं आंतून खडखडाट होऊन जाड पुठ्ठ्याचें एक चिमुकलें तिकीट बाहेर पडे. त्या तिकिटावर वजनाचा आंकडा असे आणि त्याच्या जोडीला भविष्याची एक ओळ असे. आम्हां मुलांना आंकड्याचें कौतुक नव्हतें. आम्ही भविष्य वाचावयास धांवत असूं. वडील मात्र आंकडा तेवढा पाहत, मान हलवीत आणि तिकीट सदऱ्याच्या खिशांत टाकीत. वयाची पन्नाशी जवळ आली म्हणजे मनुष्य भविष्य सोडून आंकडा वाचूं लागतो, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. आतां तें पुरतें ठाऊक झालें आहे.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या कॉलेजांत सर्व अध्यापकांची आरोग्यतपासणी झाली. माझी उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८ किलो, कमरेचा घेर ३८ इंच, आणि तीन महिन्यांच्या रक्तशर्करेची सरासरी दाखविणारा आंकडा ६.३ असा निघाला. या शेवटच्या आंकड्याचा अर्थ असा कीं, ६.५ पासून मधुमेहाचा मुलूख सुरू होतो आणि ५.७ च्या खालचा प्रदेश निर्धोक समजतात. म्हणजे मी सरहद्दीवरच्या चौकीपाशीं येऊन उभा राहिलों होतों. आमचे डॉक्टर दादरचेच; माझ्याहून चार-पांच वर्षांनीं वडील आणि बोलण्यांत मोजके. “प्रोफेसरसाहेब, रोज पाऊण तास भरभर चालत जा, आणि ताटावर हात आंखडता घ्या,” एवढेंच ते म्हणाले. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मीं शिरोधार्य मानला. दुसरा अर्धा माझ्या कानांवर पडूनहि मनापर्यंत पोंचला नसावा. शिवाय ‘चालल्यानें वजन उतरेल’ असें डॉक्टर मुळींच म्हणाले नव्हते. तें मीं माझ्या पदरचें घातलें. मधुमेह म्हटलें कीं माझ्या डोळ्यांपुढें माझे लालबागचे मामा उभे राहत, आणि त्या आठवणीपासून पळ काढावयास वजन उतरविण्यासारखा सरळ रस्ता दुसरा नाहीं, अशी मीं स्वतःची समजूत घातली होती. मामांची गोष्ट पुढें येईल.

दुसऱ्या दिवशीं पहाटे मी शिवाजी पार्कवर हजर झालों. १९२५ सालीं नगरपालिकेनें लोकांसाठीं खुल्या केलेल्या या मैदानाला सभांचा, क्रिकेटचा आणि प्रेमिकांचा इतिहास आहे. पण सूर्य उगवण्यापूर्वींचा त्याचा सारा इतिहास पोट कमी करण्याच्या खटपटीचा आहे, असें तेथें गेल्यावर कळतें. भोंवतालच्या कट्ट्याला एक वळसा घातला कीं सव्वा किलोमीटरला थोडी कमी अशी चाल होते. मीं साडेतीन फेऱ्यांचा, म्हणजे सुमारें ४ किलोमीटरचा, नेम धरला.

तेथें चालणाऱ्या मंडळींत दोन जाती आहेत : बोलणारे आणि मोजणारे. बोलणारे पेन्शन, जांवई आणि सोसायटीचा पुनर्विकास या त्रिस्थळीची यात्रा करीत फेरी पुरी करतात. मोजणाऱ्यांच्या मनगटावर घड्याळ असतें, आणि दहा हजार पावलें भरल्याशिवाय त्यांना दिवस सुफळ झाल्यासारखें वाटत नाहीं. ही दहा हजारांची संख्या कोण्या वैद्यकसभेनें ठरविली असावी, अशी माझीहि समजूत होती. पुढें कळलें कीं, १९६५ च्या सुमारास जपानांत पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आलें, त्याचें नांवच मुळीं ‘दहा-हजार-पावलें-मापक’ अशा अर्थाचें होतें, आणि त्या नांवावरून ही संख्या जगभर पसरली. दुकानदाराच्या पाटीचें शास्त्रवचन झाल्याचें याहून चांगलें उदाहरण मला वर्गांत सांगावयास सांपडलेलें नाहीं.

मी दोन्ही जातींत बसत नव्हतों. माझें लक्ष पायांकडेहि नव्हतें आणि गप्पांकडेहि नव्हतें. तें घरच्या न्हाणीघराजवळ ठेवलेल्या वजनकाट्याकडे होतें. पहिल्या महिन्यांत ७८ चे ७७ झाले तेव्हां मीं घरांत पेढे आणावयाचे तेवढे बाकी ठेवले. दुसऱ्या महिन्यांत काटा होता तेथेंच उभा राहिला. चौथ्या महिन्यांत तो अर्धा किलो खालीं आला, सहाव्यांत पुन्हां वर गेला. अकरा महिने मी ऊन-थंडी न पाहतां चाललों, आणि अकराव्या महिन्याच्या अखेरीस माझें वजन साडेशहात्तर भरलें. अकरा महिन्यांत दीड किलो! तेवढें वजन तर माझ्या चामड्याच्या जोड्याचें नि खांद्यावरच्या पुस्तकांच्या पिशवीचें मिळून होतें.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळें जमाखर्च मांडल्यावांचून मला चैन पडेना. माझ्या वजनाच्या मनुष्यानें ४ किलोमीटर चाल केली तर सव्वादोनशें उष्मांकांच्या आसपास खर्च होतात. त्यांतून तो वेळ घरीं खुर्चींत बसून काढला असता तरी जे खर्च झालेच असते ते वजा केले, म्हणजे निव्वळ खर्च दीडशेंच्या थोडा वर उरतो. शरीरांतील एक किलो चरबी जाळावयास साधारणतः ७७०० उष्मांक लागतात. म्हणजे कागदावर वर्षाकाठीं सात किलोंनीं मी हलका व्हावयास हवा होतों. मग बाकीचे साडेपांच किलो गेले कोठें?

उत्तर शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. फेऱ्या संपल्या म्हणजे आमची चौघांची टोळी कोंपऱ्यावरच्या उपाहारगृहांत चहाला बसत असे. चहा एकटा येत नसे. एका बटाटेवड्यांत दीडशें ते दोनशें उष्मांक असतात. पावाच्या संगतींत त्याचे तीनशें होतात. पाऊण तासाची कमाई मी पांच मिनिटांत, आणि तीहि मोठ्या सात्त्विक समाधानानें, उडवीत होतों. घरीं परत आल्यावर “अहो, दमून आलांत, आणखी एक पोळी घ्या,” असा प्रेमळ आग्रह होई, आणि चालून आलेल्या मनुष्याला ती पोळी आपला हक्क वाटे. रात्रीं भात वाढून घेतांना ‘आज चाललों आहें’ हें एक मनांत असेच. चालण्यानें भूक वाढते ती पोटांत थोडी आणि विवेकांत फार.

पण सारा दोष वड्याचा नाहीं. शरीर हें स्वतःच एक काटकसरी गृहिणी आहे. टांझानियांत हाद्झा नांवाचे लोक आजहि शिकार करून नि कंदमुळें खणून राहतात. त्यांचे पुरुष दिवसाकाठीं दहा-अकरा किलोमीटर चालतात. हर्मन पाँट्झर या मानवशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्यांचा दिवसाचा एकूण उष्मांकखर्च मोजला, आणि तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां पाहतात तों काय, शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर तो खर्च अमेरिकेंतल्या खुर्चींत बसणाऱ्या माणसांहून निराळा भरेना! एका खात्यांत खर्च वाढला कीं शरीर दुसऱ्या खात्यांत हात आंखडतें, असा त्याचा अर्थ पाँट्झर लावतात. घरांत लग्न निघालें म्हणजे वर्षभर नवीन पडदे घेत नाहींत, तशांतला हा प्रकार दिसतो.

हें सारें ध्यानांत आल्यावर मीं काय केलें? अर्थशास्त्रज्ञानें जें करावें तेंच केलें. नफा न देणारा कारखाना मीं बंद केला. जून उजाडला, पाऊस कोसळूं लागला, पार्कावर चिखल झाला, आणि मीं चालणें सोडलें. पहाटेची झोंप फार गोड लागूं लागली. सोबत्यांना मीं आंकडेवार पटवून दिलें कीं, वजन उतरविण्याचा हा मार्ग तोट्याचा आहे. त्यांपैकीं एकानें तें ऐकून खरोखरच येणें बंद केलें, याचें मला आज वाईट वाटतें.

गणपती-नवरात्र आटोपल्यावर डॉक्टरांकडे गेलों. वजन ७७, म्हणजे चालणें सोडून अर्धाच किलो वाढलों. मी विजयी मुद्रेनें म्हणालों, “पाहा डॉक्टर, चालण्याचा आणि वजनाचा कांहीं संबंध नाहीं.” डॉक्टरांनीं माझ्या फायलींतून दोन कागद काढून शेजारीं-शेजारीं ठेवले. एक मे महिन्याचा होता. ती तपासणी मीं केली होती, पण त्या कागदावर मीं वजनाचा रकाना तेवढा वाचला होता. त्यांत साखरेचा आंकडा ६.३ वरून ५.९ वर आलेला होता. रक्तदाबहि दहा अंशांनीं उतरलेला होता. दुसरा कागद त्या दिवशींचा होता, त्यांत ६.२. “अकरा महिने तुम्ही चुकीच्या साक्षीदाराची जबानी घेत होतां, प्रोफेसरसाहेब,” डॉक्टर म्हणाले, “काटा एवढेंच सांगतो कीं तुम्ही किती जड आहांत. आंत काय चाललें आहे, तें त्याला ठाऊक नसतें.”

त्या वाक्यानें मी घरीं जाऊन वाचावयास बसलों, आणि तेथें मला पहिल्यानें भेटले लंडनचे बसवाले. जेरी मॉरिस नांवाच्या डॉक्टरांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा अभ्यास केला आणि १९५३ सालीं तो प्रसिद्ध झाला. मुंबईकराला ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. कारण आपल्याहि रस्त्यांवर १९३७ पासून दुमजली बस धांवत होती, आणि जुन्या बनावटीची अखेरची गाडी २०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त होईपर्यंत, तिच्या जिन्यावरून तिकिटांची पेटी वाजवीत वर-खालीं करणारा कंडक्टर आपण सर्वांनीं पाहिला आहे. ड्रायव्हर व कंडक्टर एकाच गाडीवर, जवळजवळ एकाच पगारावर, एकाच वस्तींत राहणारे. पण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसभर शेंकडों पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होई, आणि झाला तरी उशिरां नि सौम्य होई. यावर शंका घेतली गेली कीं, कंडक्टर मुळांतच सडपातळ असतील. मॉरिस यांनीं मोठी गंमत केली : त्यांनीं गणवेशाच्या विजारींचीं मापें मिळविलीं! ड्रायव्हरांचे कमरपट्टे तरुणपणापासूनच मोठे होते, हें खरें निघालें. पण पुढें बारीक, मध्यम व स्थूल असे तीन गट पाडून पाहिलें, तरी प्रत्येक गटांत अवचित मरणाचें प्रमाण ड्रायव्हरांतच अधिक आढळलें. स्थूल कंडक्टरालाहि जिन्यानें तारलें होतें. विजारीचें माप एक गोष्ट सांगत होतें आणि काळीज दुसरी.

दुसरी गोष्ट मला आणखी जवळची वाटली, कारण ती गिरणीची होती. १९५६ सालीं झ्याँ मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बंगालमधील एका तागाच्या गिरणींतल्या २१३ माणसांचें जेवण, काम व वजन यांचा मेळ घालून पाहिला. ओझीं वाहणारे आणि कोळसा ओढणारे पुष्कळ जेवत आणि तरी सडपातळ असत. हलकें काम करणारे कमी जेवत आणि तेहि सडपातळ असत. पण बाजारांत गादीवर बसून दुकान चालविणारे मात्र कष्टकऱ्यांच्या तोलानें जेवत आणि वजनानें सर्वांहून भारी भरत. म्हणजे देह थोडा तरी हलता असला तर भूक कामाच्या प्रमाणांत राहते. तो अगदींच बैठा झाला कीं भुकेचा लगाम सुटतो. चालणें चरबी फारशी जाळीत नसेल, पण भुकेला ताळ्यावर ठेवतें, असें या गोष्टीवरून वाटतें. अर्थात् वाटेंत बटाटेवडा नसेल तर.

गिरणी म्हटल्यावर मामांची गोष्ट आतां टाळतां येत नाहीं.

माझे मामा लालबागच्या एका गिरणींत साचे चालवीत. राहावयास तेथल्याच चाळींत, तिसऱ्या मजल्यावर. भोंगा झाला कीं जिने उतरून गिरणींत जावयाचें, आठ तास साच्यांमधून येरझारा घालावयाच्या आणि पुन्हां जिने चढून घरीं यावयाचें. रविवारीं ते आमच्याकडे गिरगांवांत आईला भेटावयास येत, तेहि पायीं : लालबागहून चिंचपोकळीच्या पुलावरून सात रस्ता, तेथून लॅमिंग्टन रोडनें ऑपेरा हाउस आणि मग आमची चाळ. हातांत चिवड्याचा पुडा असे. आई म्हणे, “दादा, बसनें यावयाचें होतेंस.” त्यावर त्यांचें उत्तर ठरलेलें असे : “बसला पैसे द्यायचे, तर देवानें पाय कशाला दिलेत?” मनुष्य अगदीं काटकुळा. आमच्या फलाटावरच्या यंत्रावर मीं एकदां त्यांना हट्टानें उभें केलें, तेव्हां ५२ किलो असें तिकीट निघालें होतें. भविष्य काय होतें, तें मला आठवत नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख माणसें घरीं बसलीं. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. संप कधीं मिटलाच नाहीं. तो नुसता विरून गेला, आणि मामांची गिरणी त्यांच्यापुरती पुन्हां उघडली नाहीं. पुष्कळ लोक गांवीं परतले. मामांची कोंकणांत जमीन नव्हती, ते राहिले. मामी घरीं पापड लाटून संसार ओढूं लागल्या. मामा चाळीच्या गॅलरींत एका लोखंडी खुर्चीवर बसून राहत. आधीं आधीं ते इतर संपकऱ्यांबरोबर खालीं उतरत. मग तेंहि थांबलें. रविवारचें येणें बंद झालें. आई म्हणे, दादाला हातांत चिवड्याच्या पुड्याशिवाय आमच्या दारांत उभें राहावयाची लाज वाटते.

जेवण वाढलें म्हणून नव्हे. वाढावयाला घरांत होतें काय? भात, आमटी, कधीं मासळीचा तुकडा. सहा-सात वर्षांनीं त्यांचें वजन पुष्कळ तर ५६-५७ भरलें असेल. कोणीहि त्यांना लठ्ठ म्हटलें नसतें. पण हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र मडक्यासारखें पुढें आलेलें, अशी त्यांची मूर्ति झाली होती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांना मधुमेह असल्याचें कळलें, तेव्हां आम्हां सर्वांना नवल वाटलें. “साखर ही श्रीमंतांची, जाड्या माणसांची बाब, आमच्या मामांना कशी?” असें मीं विचारलें होतें, आणि मी तेव्हां कॉलेजांत जात होतों! पुढें उजव्या पायाला जखम होऊन ती चिघळली आणि दोन बोटें काढावीं लागलीं. एकुणसाठाव्या वर्षीं ते गेले. त्या वयापासून मी आज चार वर्षांच्या अंतरावर आहें.

चालणें थांबलें म्हणूनच त्यांना मधुमेह झाला, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. काळजी होती, उधारी होती, मान गेलेला होता. आणि मनुष्याचें शरीर हें एका कारणाचें गणित नसतें. पण माझा त्या वेळचा प्रश्न किती अडाणीपणाचा होता, हें मला पुण्याच्या एका डॉक्टरांनीं दाखवून दिलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत स्वतःचेंच एक छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन मोजण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाहि २२.३, अगदीं सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! काट्याच्या लेखीं दोघे सख्खे भाऊ; आंतून एक स्नायूंचा आणि एक चरबीचा. आपल्या लोकांचा देह बाहेरून बारीक आणि आंतून लठ्ठ असतो, आणि ती चरबी पोटांत दडून बसते, म्हणून आपल्याला कमी वजनांतहि मधुमेह गांठतो. तें छायाचित्र मीं पाहिलें तेव्हां गॅलरींतली लोखंडी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मामांचा काटा शेवटपर्यंत निर्दोष साक्ष देत राहिला, आणि खटला ते हरले.

आतां एकच पुरावा सांगून मी मूळ प्रश्नाकडे वळतों. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं माझ्यासारख्याच, सरहद्दीवर उभ्या असलेल्या ५३१ भारतीयांना घेऊन एक प्रयोग केला. त्याचें फळ २००६ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांना नुसता नेहमींचा सल्ला दिला, त्यांपैकीं तीन वर्षांत शेंकडा ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज निदान अर्धा तास भरभर चालणें आणि आहारांत संयम यांचा पाठपुरावा केला, त्यांत तें प्रमाण शेंकडा ३९ वर आलें. आणि नवल असें कीं, या दुसऱ्या गटाचें वजन म्हणण्यासारखें उतरलेंच नव्हतें! मीं तें वाक्य दोनदां वाचलें. माझ्यासारखेच तेहि काट्यावर उभे राहून निराश झाले असतील. त्यांतल्या कित्येकांनीं त्याच निराशेपोटीं चालणें सोडलें असतें, तर तें त्यांना केवढ्याला पडलें असतें!

तेव्हां, रोज चालल्यानें वजन उतरतें काय? प्रामाणिक उत्तर असें : थोडें उतरतें, अपेक्षेच्या मानानें फारच थोडें, आणि ताट होतें तसेंच राहिलें तर पुष्कळदां मुळींच नाहीं. वजन उतरतें तें प्रामुख्यानें ताटांत. हें मीं नंतर करूनहि पाहिलें. डॉक्टरांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आमच्या घरांत माझ्याऐवजीं माझ्या पत्नीनें मनावर घेतला. रात्रींचा भात निम्मा झाला, डाळ व भाजी दुप्पट झाली, चहांतली साखर गेली, आणि आग्रहाची पोळी मागें घेण्यांत आली. “अहो, चालून आलांत म्हणून बक्षीस नाहीं मिळणार,” असें मला बजावण्यांत आलें. आठ महिन्यांत साडेचार किलो गेले. पण गेलेलें वजन परत येऊं न देण्याच्या कामीं चालण्याचा हात मोठा असतो, आणि माझा अनुभव तरी आजवर तसाच आहे. ताट हें वजन उतरवितें. पाय त्याला पुन्हां वर चढूं देत नाहींत, आणि त्याखेरीज काळजाची, रक्ताची नि झोंपेची जी चाकरी ते करतात, ती काट्यावर कधींच उमटत नाहीं.

गंमत अशी कीं, हें ज्ञान आपल्या घरांत जुनेंच होतें. रात्रींच्या जेवणानंतर माझे आजोबा गिरगांवच्या चाळीच्या लांबच लांब गॅलरींत हात पाठीमागें बांधून येरझारा घालीत. शतपावली हा शब्द काय, किंवा ती चाल काय, आमच्या भाषेंत वजनाच्या संदर्भांत कधीं आलीच नाहीं. जेवलेलें अंगीं लागावें, झोंप नीट यावी, एवढेंच तिचें प्रयोजन. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चाललें तर रक्तांतील साखरेची उसळी बसते, असें आजचें शास्त्र सांगतें. आजोबांनीं पावलांना शंभराची मर्यादा घातली होती, जपानी यंत्रानें ती शंभरपट केली. पण आजोबांच्या शंभर पावलांकडे त्यांनीं कांहीं मागितलें नव्हतें, म्हणून तीं त्यांनीं कधीं सोडलींहि नाहींत. आतां जेवणानंतर आम्ही दोघें पतिपत्नी कॉलनींतल्या कॉलनींत तेवढीं चालतों. लग्नाला अठ्ठावीस वर्षें झालीं. इतक्या वर्षांत रोज रात्रीं पंधरा मिनिटें एकमेकांशीं बोलण्याचा योग प्रथमच आला आहे. या लाभाचा रकाना डॉक्टरांच्या कागदावरहि नाहीं.

पार्कावरच्या फेऱ्या पुन्हां सुरू केल्याला आतां दीड वर्ष होऊन गेलें. माझ्या व्याख्यानानें ज्यांनीं येणें सोडलें होतें, त्या सोबत्यांच्या घरीं जाऊन मीं माझे शब्द परत घेतले, ते आले. चहाला आम्ही अजूनहि बसतों, पण चहा आतां एकटा येतो. साखरेचा आंकडा ५.८ वर टिकून आहे, ५.७ च्या पलीकडल्या निर्धोक मुलखांत मी अद्याप शिरलों नाहीं, आणि कदाचित् शिरणारहि नाहीं. परंतु सरहद्दीवर उभें राहणें वेगळें आणि तीवरून ढकललें जाणें वेगळें.

महिन्यांतून एखाद्या रविवारीं मी दादरहून परळ-लालबागवरून गिरगांवापर्यंत पायीं जातों. उड्डाणपुलाच्या सावलींतून भारतमाताच्या नाक्यावर आलें कीं एका बाजूनें मसाल्याच्या मिरच्यांचा ठसका येतो आणि दुसऱ्या बाजूनें चिवडा गल्लींतल्या कढयांचा वास येतो. गिरण्यांच्या जागीं पन्नास-पन्नास मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या खालच्या व्यायामशाळांत, कांचेआड, तरुण मंडळी एका पट्ट्यावर जागच्या जागीं भराभर चालतांना दिसतात, आणि त्यांच्या समोर आंकडे लुकलुकत असतात. मी घटकाभर थांबून पाहतों. त्यांना हांसण्याचा मला हक्क नाहीं. मीहि वर्षभर आंकड्यासाठींच चाललों. तेथून पुढें चिंचपोकळीचा पूल, सात रस्ता, लॅमिंग्टन रोड, अशी मामांचीच वाट धरतों. हातांत चिवड्याचा पुडा असतो. तो खाण्यासाठीं नव्हे, तर गिरगांवांत धाकट्या बहिणीकडे रिकाम्या हातानें जाऊं नये म्हणून. ती दार उघडून म्हणते, “दादा, या उन्हांत चालत आलास? टॅक्सी करायची होतीस!” आणि मामांचें उत्तर आपोआप माझ्या तोंडीं येतें.